बोटीने आलेल्या शेजाऱ्यासाठी मुलाने पत्र लिहावं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्री असलेल्या एका काकांचा मुलगा मेलबर्नला असतो. शिकायला गेला, नोकरी लागली, इंग्रजीच्या परीक्षा, पॉइंट, फॉर्म असं सगळं करत सात वर्षांनी त्याला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला. त्याच्या शेजारी श्रीलंकेतलं एक तमिळ कुटुंब राहतं. ते २०१२ च्या ऑक्टोबरात बोटीने आलं. त्यांचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलाय. आता मंत्र्यांनी आपला विशेष अधिकार वापरावा म्हणून ते ओळखीच्या लोकांची पत्रं गोळा करतायत आणि एक पत्र त्यांनी या मुलाकडेही मागितलंय. काका विचारतात, "माझा पोरगा नियमाने रांगेत उभा राहिला, हे रांग मोडून घुसले. तिथली निम्मी माणसं म्हणतात घ्या, निम्मी म्हणतात हाकला. खरे निर्वासित असते तर अर्ज फेटाळला कसा असता? पोराने या भानगडीत पडावं का?"

काका, मी कोल्हापूरचीच. शहाजी लॉ कॉलेजातून वकील झाले. त्यानंतर दिल्लीत नऊ वर्षं अफगाणी आणि ब्रह्मदेशी निर्वासितांचे जबाब लिहून घेतले, पुढे अकरा वर्षं मेलबर्नला हेच काम केलं. बोटीने आलेल्या माणसांसमोर बसून त्यांची हकिगत कागदावर नीट उतरवणं हाच माझा धंदा. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: मुलाने पत्र लिहावं. का लिहावं आणि कसं लिहावं, हे सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

रांगेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या मनात तेच टोचतंय आणि टोचणं साहजिक आहे. आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात सकाळी केस पेपरची रांग लागते. गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूसही त्या रांगेत तासभर उभा असतो. तेवढ्यात हायवेवर अपघात झालेल्या कुणाला स्ट्रेचरवरून आत नेतात. रांगेतलं कोणी म्हणत नाही की हा मधेच घुसला. त्याचं दारच वेगळं, हे सगळ्यांना कळतं. तुमच्या मुलाची रांग कुशल कामगारांच्या व्हिसाची होती. त्या जागा ऑस्ट्रेलिया आपल्या गरजेप्रमाणे काढते आणि पॉइंट मोजून भरते. आश्रय हे दुसरं दार आहे. तिथे शिक्षण विचारत नाहीत, वय विचारत नाहीत. एकच विचारतात: परत पाठवलं तर तुझं काय होईल? शेजाऱ्याच्या अर्जाने तुमच्या मुलाची जागा अडली नाही आणि त्याची वाट एका दिवसानेही लांबली नाही.

रांगेचा हा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी निव्वळ द्वेषातून आलेला नाही, हेही सांगायला हवं. १९९६ पासून ऑस्ट्रेलियाने दोन हिशेब एकत्र बांधले. देशात पोहोचून आश्रय मिळवणारे आणि बाहेरच्या छावण्यांमधून निवडून आणलेले, दोघांचा आकडा एकाच कोट्यात धरला. म्हणजे बोटीवरच्या एकाला जागा दिली की केनियाच्या किंवा पाकिस्तानच्या छावणीत बसलेल्या एकाची जागा कागदोपत्री कमी व्हायची. तिथली साधी माणसं चिडली ती यामुळेही. पण ही गाठ सरकारने मारली होती, बोटीतल्या माणसाने नाही. आणि छावणीतही रांग अशी नसतेच. जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्काही लोकांना तिसरा देश घेत नाही. घेतो तेव्हा आजारी, एकट्या बायका, लहान मुलं असं निवडून घेतो. वीस वर्षं छावणीत काढल्याने नंबर लागत नाही. उभं राहायला जागाच नाही, तिथे मोडायला रांग कुठून येणार?

आता 'बेकायदा'. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर ऑस्ट्रेलियाची सही आहे. त्याच्या ३१ व्या कलमात लिहिलंय की जिवाच्या भीतीने थेट आलेल्या निर्वासिताने विनापरवाना प्रवेश केला, पण लगेच अधिकाऱ्यांसमोर हजर होऊन कारण सांगितलं, तर त्या प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. ३३ वं कलम सांगतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे त्याला परत ढकलायचं नाही. ही कलमं लिहिणाऱ्यांसमोर १९३९ ची आठवण ताजी होती. सेंट लुई नावाचं जहाज ९३७ प्रवासी घेऊन जर्मनीहून निघालं होतं. त्यात जवळजवळ सगळे ज्यू. क्युबाने बहुतेकांना उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही नाही. जहाज युरोपला परत गेलं आणि त्यातली अडीचशेवर माणसं पुढे नाझींच्या हाती मेली. ज्याच्या मागे त्याचंच सरकार लागलंय, त्याने त्याच सरकारच्या कार्यालयात पासपोर्टसाठी जावं आणि मग परदेशी वकिलातीत व्हिसासाठी, अशी अपेक्षा धरता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं होतं.

तरी बोट कशाला, जीव धोक्यात घालून? हा प्रश्न मला मेलबर्नच्या बायकांनी विचारलाय आणि इथे आमच्या गल्लीतल्या बायकांनीही. इथल्यांना मी एकच आठवण करून देते. ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. पाणी चढतंय, बोट एक, माणसं ढीगभर. बोटीत किती बसायला हवेत हे त्या घाटावर कोणाला कळत नव्हतं असं थोडंच आहे? ती उलटली आणि १७ जण गेले. त्या बायाबापड्यांना कोणी बेजबाबदार म्हटलं नाही, कारण मागचं पाणी सगळ्यांना दिसत होतं. श्रीलंकेतून थेट ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांकडे निघालेल्या मासेमारीच्या ट्रॉलरमध्ये बसलेल्यांच्या मागचं पाणी आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. ते खरंच होतं का, किती खोल होतं, हे त्यांना विचारूनच कळतं. माझं सगळं आयुष्य या विचारण्यात गेलंय. या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते नेमकं याच्याबद्दल.

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. हजारा जमातीचा एक अफगाणी माणूस. बोटीने ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर आला होता. उतरल्यावर काही दिवसांतच त्याची पहिली मुलाखत झाली. समुद्रात उलट्या करून अंगात त्राण नाही, दुभाषा फोनवर. पुढे मुख्य मुलाखत झाली, तिला दुभाषा दुसरा. अर्ज फेटाळला गेला, आणि फाइल माझ्याकडे आली. नकाराचं कारण एका वाक्यात होतं: 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार भावाचा खून १५ ऑगस्ट २०११ रोजी झाला व त्या घटनेमुळे त्याने गाव सोडलं, परंतु गाव सोडल्याची तारीख ११ ऑगस्ट २०११ आहे.' म्हणजे भाऊ मरायच्या चार दिवस आधीच हा भावाच्या खुनामुळे पळाला. वाचणारा कोणीही म्हणेल, खोटं बोलतोय.

मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, तारखा तुझ्या भाषेत सांग. त्याने सांगितलं, भाऊ गेला असद महिन्याच्या १५ तारखेला, गाव सोडलं २० असदला. अफगाणी सौर वर्षात असद हा पाचवा महिना. तो आपल्याकडच्या २३ जुलैच्या सुमाराला सुरू होतो. १५ असद १३९० म्हणजे ६ ऑगस्ट २०११, आणि २० असद म्हणजे ११ ऑगस्ट. पहिल्या दुभाष्याने असदचा सरळ ऑगस्ट केला होता आणि आकडा तोच ठेवला होता. दुसऱ्याने नीट हिशेब केला होता. दोन दुभाषी, दोन पद्धती, आणि त्यांच्या मधल्या फटीत एका माणसाचं आयुष्य अडकलं होतं. मी दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी छापली, चारही तारखांवर लाल पेनाने गोल केले आणि न्यायाधिकरणापुढे ठेवले. तिथल्या सदस्य बाईंनी ती पानं बराच वेळ पाहिली. मग त्याच्याकडे वळून पहिल्यांदाच विचारलं, "तुमच्या भावाचं नाव काय होतं?" त्याचा अर्ज मंजूर झाला.

आपल्याकडे शिरोळच्या एखाद्या आजींना विचारा, २००५ ला घरात पाणी कधी शिरलं. त्या म्हणतील, श्रावण लागायच्या आधी, म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कोर्टात हे तारखेत बसवायला लावलं तर त्यांचीही फजिती होईल. म्हणून त्या खोटारड्या ठरत नाहीत.

सगळेच खरे असतात असं मी म्हणत नाही, आणि माझ्या व्यवसायातल्या ज्यांनी तसं म्हटलं त्यांनी या लोकांचं नुकसानच केलं असं माझं मत आहे. माझ्यासमोर पाठ केलेल्या गोष्टी सांगणारे बसलेत. एकाच गावची तीन पोरं शब्दन् शब्द तीच कहाणी सांगून गेली होती, एजंटाने लिहून दिलेली. कामाच्या शोधात निघालेले, कर्जात बुडालेले, घरच्यांच्या अपेक्षेखाली दबलेले असे कितीतरी. त्यांचं दुःख खोटं नसतं, पण करारातल्या व्याख्येत ते बसत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटातलं असणं यामुळे छळाची साधार भीती असावी लागते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात ३ जण महाराष्ट्राचे होते. असे लाखो रुपये एजंटाला मोजून निघालेले बहुतेक लोक निर्वासित नसतात. त्यांचं म्हणणं ऐकावं, नाही म्हणायचं तर कारण देऊन नाही म्हणावं, आणि मग परत पाठवावं. हातापायांत बेड्या घालून पाठवायची काही गरज नव्हती, हे मात्र मनापासून वाटतं.

तुमच्या शेजाऱ्यांकडे येते. 'खरे असते तर फेटाळला कसा?' याचं उत्तर ते कोणत्या चाळणीतून गेले यात आहे. १३ ऑगस्ट २०१२ ते १ जानेवारी २०१४ या काळात बोटीने आलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१४ मध्ये वेगळा कायदा केला. त्याला फास्ट ट्रॅक म्हणायचे. नाव जलद, पण या लोकांना आधी कित्येक वर्षं अर्जच करू दिला नाही, आणि मग २०१७ च्या मे महिन्यात सांगितलं की १ ऑक्टोबरच्या आत अर्ज भरा, नाहीतर संधी गेली. मेलबर्नमधल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात तेव्हा माणसं पायऱ्यांवर बसून असायची. पन्नास-साठ पानांचा इंग्रजी फॉर्म, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले जुने कागद. आम्ही रात्री दहा-दहापर्यंत थांबूनही सगळ्यांना पुरे पडलो नाही, आणि ज्यांना परत पाठवलं त्यांचे चेहरे मी विसरलेले नाही.

अर्ज फेटाळला गेला तर अपील कुठे? इतर अर्जदारांना न्यायाधिकरणासमोर बसून बोलता यायचं. त्या अफगाणी माणसाला तसं बोलता आलं म्हणून तो वाचला. फास्ट ट्रॅकवाल्यांसाठी वेगळी यंत्रणा केली, ती सहसा फक्त कागद वाचून निकाल द्यायची. समोर बोलावणं नाही, नवा पुरावाही अपवाद म्हणूनच. असदचा ऑगस्ट झाला असेल तर तो तसाच राहणार. २०२४ च्या ऑक्टोबरात ही यंत्रणा सरकारने स्वतःच बंद केली. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये, तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या सुमारे १९ हजार लोकांना कायमचं राहण्याची वाट मोकळी केली. पण ज्यांना त्या चाळणीत नकार मिळाला होता ते बाहेरच राहिले. तुमचे शेजारी त्यांतले. तेरा वर्षं झाली. मुलं तिथल्या शाळेत शिकून इंग्रजीत भांडतात, आणि आईबापांकडे ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता परवाना, तोही नूतनीकरणाच्या मेहेरबानीवर.

याचा अर्थ त्यांचा दावा खराच होता असं मी इथे बसून सांगू शकत नाही. श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, आणि पुढच्या वर्षांत परिस्थिती निवळली या मुद्द्यावर अनेक तमिळांचे अर्ज फेटाळले गेले. काहींच्या बाबतीत ते बरोबरही असेल. मी एवढंच म्हणते की त्यांना नीट ऐकून नकार दिला गेला असं छातीठोकपणे कोणालाच म्हणता येणार नाही.

तिथली निम्मी माणसं 'हाकला' का म्हणतात, तेही समजून घ्या. ऑगस्ट २००१ मध्ये टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ जणांना वाचवलं, बहुतेक हजारा. समुद्रात बुडत्याला वाचवणं हा दर्यावर्दी माणसाचा धर्मही आहे आणि कायदाही. ऑस्ट्रेलियाने जहाजाला बंदरात येऊ दिलं नाही, उलट त्यावर कमांडो चढवले आणि माणसं नाऊरू बेटाकडे रवाना केली. काहींना न्यूझीलंडने घेतलं. ऑक्टोबरात, निवडणूक तोंडावर असताना, मंत्र्यांनी सांगितलं की बोटीवरच्या लोकांनी आपली मुलं समुद्रात फेकली. फोटोही दाखवले. पुढे संसदेच्या चौकशीत निघालं की कोणीही मूल फेकलं नव्हतं. फोटो होते दुसऱ्या दिवशीचे, बोट बुडताना पाण्यात पडलेल्यांना नौसैनिक वाचवत होते तेव्हाचे. निवडणूक तोवर जिंकून झाली होती. त्याच महिन्यात आणखी एक बोट बुडाली, ३५३ माणसं गेली, त्यात मुलं कितीतरी. त्यांचे फोटो कोणाकडे नव्हते.

नंतर २००८ ते २०१३ मध्ये सुमारे ५० हजार लोक बोटीने आले आणि हजाराहून जास्त वाटेत बुडाले. बोटी थांबवा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे आणि मी तो कधीच हलका धरला नाही. किनाऱ्याला लागलेली प्रेतं ज्यांनी पाहिली त्यांच्याशी मी बोललेय. जुलै २०१३ मध्ये जाहीर झालं की बोटीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात वसवणार नाही. त्या वर्षाच्या शेवटापासून नौदल बोटी परत वळवू लागलं. बोटी जवळपास थांबल्या. हे खरं आहे.

पण त्याची किंमत ऑस्ट्रेलियाने नाऊरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर नेऊन ठेवलेल्यांनी भरली. २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसची कोठडी बेकायदा ठरवली. अनेकांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यावरही वर्षानुवर्षं जायला जागा नव्हती. म्हणजे ऐकलं, खरा आहेस म्हणून सांगितलं, आणि तरी दार लावलं. हे मला आजही पचत नाही. ब्रिटननेही हाच धडा गिरवत बोटीने आलेल्यांना रवांडाला पाठवायची योजना काढली. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती योजना बेकायदा ठरवली आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. त्या वर्षी इंग्लिश खाडी ओलांडून छोट्या बोटींतून ३६ हजारांवर माणसं आलीच.

बोटी कमी करायचा दुसरा मार्ग एकदा करून बघितलेला आहे. १९७५ नंतर व्हिएतनाममधून लाखो लोक बोटींनी निघाले. मलेशिया, थायलंड त्यांना परत समुद्रात लोटत होते. जुलै १९७९ मध्ये जिनिव्हात परिषद भरली. शेजारी देशांनी तात्पुरतं उतरू द्यायचं, श्रीमंत देशांनी २ लाख ६० हजार जागा द्यायच्या, आणि व्हिएतनामने लोकांना कागदोपत्री, विमानाने जाऊ द्यायचं असं ठरलं. बोटी झपाट्याने घटल्या. दहा वर्षांनी पुन्हा वाढल्या तेव्हा १९८९ मध्ये दुसरा करार झाला. त्यात प्रत्येकाची चौकशी करायची, खरा त्याला जागा द्यायची, नसेल त्याला परत पाठवायचं असं होतं. त्यातही अन्याय झाले, चौकशा काही ठिकाणी वाईट होत्या. पण दार आणि चाळणी दोन्ही असली की माणूस ट्रॉलरवाल्याला पैसे द्यायच्या आधी विचार करतो. चाळणी नुसती ठेवून दार बंद केलं तर बोट हेच दार होतं. कायदेशीर वाट, लवकर आणि नीट चौकशी, आणि नकार मिळालेल्याची सन्मानाने परत पाठवणी ही तिन्ही एकत्र हवीत असं माझं मत कामातून बनलंय. एकट्या करुणेने किंवा एकट्या नौदलाने ते होत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच की आपण तरी काय करतो. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. तरी तिबेटी लोक १९५९ पासून आपल्याकडे आहेत, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावलाही त्यांची वसाहत आहे. १९८३ पासून श्रीलंकेतले तमिळ रामेश्वरमच्या किनाऱ्याला बोटींनीच उतरत आले आणि मंडपमच्या छावणीत गेले. घेतलं ते सरकारच्या मर्जीने, हक्काने नाही. मर्जी फिरली की ऐकायला कोणी नाही, ही आपली उणीव आहे.

कोल्हापूरला मात्र हा विषय परका नाही. गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळेच जातो. ते गांधीनगर जिथे उभं आहे तिथे, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून सोव्हिएत सरकारने त्यांना घरातून उचलून गुरांच्या डब्यांतून सैबेरियाला, कझाकस्तानला नेलं होतं. १९४१ मध्ये करार होऊन सुटका झाली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र खचाखच भरलेल्या जहाजांतून ओलांडून ती इराणला पोहोचली, आणि तिथून कराची, मग वळिवडे. त्यांच्याकडे व्हिसा नव्हता, ज्या गावांतून निघाली ती गावं युद्धानंतर पोलंडमध्येही राहिली नव्हती. 'आता शांतता झाली, घरी जा' असं त्यांनाही सांगता आलं असतं. त्यांतली पुष्कळशी ब्रिटनला गेली, काही तुमचा मुलगा राहतो त्या ऑस्ट्रेलियालाही. एक मुलगी कोल्हापूरच्या मुलाशी लग्न करून इथेच राहिली. खर्च बराचसा लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला, संस्थानच्या तिजोरीतून नव्हे, हेही सांगायला हवं. पण जागा, पाणी, बाजार आणि शेजार आपला होता. महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली.

पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. सिंधमधून निघालेल्यांपैकी कितीतरी जण कराचीहून जहाजानेच आले होते. कायद्याने ते परके नव्हते, फाळणीने देशच दुभागला होता. पण नेसत्या कपड्यानिशी उतरलेल्यांना 'निर्वासित' हाच शब्द चिकटला होता आणि तो तेव्हा काही कौतुकाने म्हणत नसत. माझी आजी सांगायची, डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारे सिंधी तिने पाहिले होते. आज तिथल्या दुकानात गादीवर बसून आपण पन्नास साड्या उलगडायला लावतो.

आता पत्राचं. मुलाला सांगा, पत्र एक पानाचं पुरे. सुरुवातीला आपण कोण, काय काम करतो, ऑस्ट्रेलियात किती वर्षं आहोत. मग या कुटुंबाला केव्हापासून आणि कसं ओळखतो. ते बोटीने आले आणि त्यांचा अर्ज नामंजूर झालाय हे मला माहीत आहे, असं एक वाक्य जरूर लिहावं. सगळं ठाऊक असूनही हा माणूस लिहितोय, हे वाचणाऱ्याला त्यातून कळतं. श्रीलंकेत काय घडलं यावर एक शब्द लिहू नये, ते त्याने पाहिलेलं नाही. 'अतिशय सज्जन, मेहनती' असल्या विशेषणांनी फाइली भरलेल्या असतात, त्यांना वजन नसतं. पाहिलेलं लिहावं. नवरा पहाटे किती वाजता कामाला निघतो. मुलगी कुठल्या इयत्तेत आहे. कधी आजारपणात, कधी गाडी बंद पडली म्हणून, ते याच्या मदतीला आले असतील तर तो दिवस आणि ती गोष्ट. शेवटी तारीख, सही, फोन नंबर. खऱ्या मजकुराच्या अशा पत्राने त्याच्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा येत नाही. ऐकीव किंवा खोटं काही लिहिलं तर येऊ शकते, म्हणून तेवढं सांभाळावं.

आणि सही करण्याआधी त्याने एका संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन बसावं. मुलांना बाहेर खेळायला पाठवून, नवरा-बायकोला विचारावं, तुम्ही का निघालात. तेरा वर्षांत समोर बसून हे विचारणारी माणसं त्यांना फार थोडी भेटली असतील. काय कळलं ते त्याने पत्रात लिहू नये, पण ऐकावं. मसुदा झाला की माझ्याकडे पाठवा, मी बघून देते. पैसे लागणार नाहीत.